जुनी गिअरची स्कूटर पुन्हा पुन्हा उजवीकडे ओढते : इंजिनाची जागा, रबरी बुश आणि कोनसेट

तक्रार अशी आहे. सपाट रस्त्यावर तीस-पस्तीसच्या वेगाने जाताना हँडलवरची पकड जरा सैल केली की गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागते. मेकॅनिककडे नेली की आठ-पंधरा दिवस बरी चालते आणि नंतर पुन्हा तेच सुरू होते. वडिलांची व्हेस्पाच्या घडणीची जुनी स्कूटर माझ्याकडे आल्यापासून दीड वर्षात तिच्यासाठी मी चार वेळा गॅरेजची पायरी चढलो. त्यात दोनदा कोनसेट (हँडलचा दांडा ज्या गोळ्या-वाट्यांच्या बेरिंगवर फिरतो ते) बदलला, एकदा पुढचे टायर बदलले आणि एकदा इंजिन चासीला जोडणाऱ्या बोल्टचे रबरी बुश बदलले, तरी गाडीने आपला हेका सोडला नाही. या दुखण्याचा उलगडा अखेर झाला, तो कसा झाला आणि त्यातले किती दुरुस्त होते व किती होत नाही, हे इथे सविस्तर लिहितो आहे. हे विवेचन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला इंजिन असलेल्या गाड्यांपुरतेच आहे. हल्लीच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये वजनाची मांडणी निराळी असते, त्यामुळे पुढचे हिशेब तिला जसेच्या तसे लावू नयेत.

नागपूरच्या महालातल्या एका गॅरेजमध्ये पहिल्याच भेटीत निदान झाले, "काकाजी, कोनसेट गेला." ते निदान सर्वस्वी चूक नव्हते, कारण कोनसेटमध्ये खरोखरच खाचा पडल्या होत्या. मात्र त्या खाचा कशामुळे पडल्या, याची चौकशी कोणी केली नाही आणि मलाही ती सुचली नाही. पुढे कॉटन मार्केटजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी न खोलता, तिच्याभोवती एक फेरी मारून सांगितले, "इंजिनच उजव्या अंगाले हाय, ते वढनच नं जी. पन किती वढते, ते पाहा लागते." या एका वाक्यात सगळा प्रश्न सामावलेला आहे. ओढीचा एक हिस्सा गाडीच्या घडणीत जन्मापासून असतो आणि दुसरा झिजेतून येतो. पहिल्या हिश्श्यावर दुसऱ्याचे उपाय करत राहिलो, तर खर्च होतो, दुखणे काही दिवस झाकले जाते आणि पुन्हा वर येते.

इंजिन तिथे का बसवले

इटलीच्या पियाजिओ कंपनीने व्हेस्पाच्या पेटंटसाठी २३ एप्रिल १९४६ रोजी अर्ज केला. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा मुळात विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्या कामातला अभियंता होता आणि त्याला मोटारसायकल फारशी आवडत नसे. साखळीचे ग्रीस कपड्यांना लागते, मधल्या इंजिनामुळे टांग टाकून बसावे लागते आणि पंक्चर झाल्यावर चाक काढणे जिकिरीचे होते, असे त्याचे आक्षेप होते. त्याने इंजिन, गिअर आणि मागचे चाक यांचा एकच गठ्ठा केला, तो चाकाच्या उजवीकडे ठेवला आणि साखळी काढूनच टाकली. त्यामुळे पाय ठेवायला मोकळे पायदान मिळाले, साडी नेसलेल्या बाईला बसता येईल अशी गाडी झाली आणि दोन्ही चाके एकाच बाजूने धरलेली असल्याने मोटारीच्या चाकासारखी ती झटपट काढता येऊ लागली. भारतात बजाजने पियाजिओच्या परवान्यावर हीच घडण आणली आणि १९७२ साली आलेल्या चेतकनेही तीच पुढे चालवली.

या सोयींची किंमत मात्र वजनाच्या तोलात मोजावी लागली. संबंध इंजिन मागे आणि एका बाजूला गेले, शिवाय ते चाकाबरोबरच खाली-वर होऊ लागल्यामुळे खड्ड्यात मागचे चाक जड हातोड्यासारखे आपटते. इटलीच्याच इनोचेंती कंपनीने १९४७ मध्ये आणलेल्या लँब्रेटाने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. तिचे इंजिन मागच्या चाकाच्या पुढे, बरेचसे मध्यरेषेवर होते. तिच्या वंशातली आपल्याकडची विजय सुपर ज्यांनी चालवली असेल, त्यांना ती सरळ रेषेत किती निवांत धावत असे हे आठवेल आणि तिच्या साखळीचे झाकण उघडून बसावे लागत असे हेही आठवेल. ज्याला जे दुखणे कमी जाचक वाटले, त्याने ते स्वीकारले, इतकेच.

घडणीतली ओढ किती, याचा हिशेब

दुचाकी सरळ चालायची असेल तर गाडी आणि स्वार यांचा मिळून जो गुरुत्वमध्य असेल, तो दोन्ही टायर जमिनीला जिथे टेकतात त्या रेषेच्या बरोबर वर यावा लागतो. तो उजवीकडे गेला की हात सैल सोडताच गाडी उजवीकडे कलते, आणि दुचाकी ज्या अंगाला कलते त्याच अंगाला वळते. यासाठी ढोबळ आकडे धरू. इंजिनाच्या गठ्ठ्याचे वजन २५ किलो आणि त्याचा मध्य गाडीच्या मध्यरेषेपासून १५ सेंटीमीटर उजवीकडे आहे असे मानले, तर गुणाकार ३७५ येतो. गाडी १०५ किलोची आणि स्वार ६५ किलोचा, म्हणजे एकूण १७० किलो. ३७५ ला १७० ने भागले की दिसते, की एकूण गुरुत्वमध्य सुमारे सव्वादोन सेंटीमीटर उजवीकडे गेला आहे. प्रत्येक मॉडेलचे आकडे थोडेफार वेगळे निघतील, पण अंदाज यायला एवढे पुरेसे आहे.

आता हाच हिशेब उलट करून पाहावा. ही ओढ पूर्ण फेडायची असेल, तर ६५ किलोच्या स्वाराने ३७५ भागिले ६५, म्हणजे जवळजवळ सहा सेंटीमीटर डावीकडे सरकून बसायला हवे. हा आकडा कागदावर आला आणि मी उठून माळ्यावर टाकलेले वडिलांचे जुने सीट खाली काढले. त्याचा डावा काठ उजव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त दबलेला होता आणि रेक्झिनही त्याच बाजूला घासून पांढरे पडले होते. वडील बावीस वर्षे ती गाडी डावीकडे सरकून चालवत होते आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हते. मी गाडी ताब्यात घेतल्यावर हौसेने नवे, कडक फोमचे सीट बसवून घेतले, त्याच्या बरोबर मधोमध बसलो आणि पहिल्या महिन्यातच गाडी उजवीकडे ओढते अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलो. सीट बदलणे आणि तक्रार सुरू होणे यांचा संबंध जोडायला मला वर्षभराहून अधिक काळ लागला.

याच हिशेबातून आणखी एक कोडे सुटते. आई मागे बसली की गाडी सरळ जाते आणि मुलगा बसला की ओढते, हे माझ्या लक्षात आले होते, पण त्याचे कारण मी वजनात शोधत होतो. खरे कारण बसण्याच्या पद्धतीत आहे. आई दोन्ही पाय डावीकडे सोडून, एका अंगाने बसते, त्यामुळे तिचे वजन मध्यरेषेपासून सात-आठ सेंटीमीटर डावीकडे येते. ५५ किलो गुणिले सात केले तर ३८५ होतात, म्हणजे इंजिनाची बाकी जवळपास पूर्ण फिटते. मुलगा टांग टाकून मधोमध बसतो, त्यामुळे एकूण वजन वाढून ओढ थोडी सौम्य होते, पण जात नाही. एका अंगाने बसावे असा माझा आग्रह मुळीच नाही, अचानक ब्रेक लागला तर ते धोक्याचेच आहे. पण आपल्या गाडीचा तोल तपासताना मागे कोण आणि कसे बसले होते, हे आठवून पाहणे आवश्यक आहे.

आधी लक्षण नीट ओळखावे

"गाडी ओढते" या दोन शब्दांखाली किमान चार वेगवेगळी दुखणी येतात आणि गॅरेजमध्ये आपण तेवढेच दोन शब्द सांगतो. वेग कमी-जास्त केला, थ्रॉटल दिला किंवा सोडला, तरी ओढ एकसारखीच राहत असेल, तर ती घडणीतली असण्याचा, नाहीतर टायर वा पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमधली असण्याचा संभव मोठा. थ्रॉटल देताना आणि सोडताना ओढीची दिशा किंवा जोर बदलत असेल, तर संशय इंजिनाच्या रबरी बुशांवर घ्यावा, कारण या गाडीत इंजिन हाच मागच्या चाकाचा हात आहे आणि बुश सैल झाले की थ्रॉटलबरोबर तो सबंध हात वळवळतो. फक्त पुढचा ब्रेक दाबल्यावर ओढ जाणवत असेल, तर एका बाजूने धरलेला फोर्क, चाक फोर्कला जोडणाऱ्या लिंकचे बुश आणि ब्रेकचे लायनर यांच्याकडे पाहावे. आणि गाडी ओढत नाही, पण हळू वेगात नागमोडी चालते, सतत बारीक बारीक सावरावी लागते, असे असेल तर कोनसेट एकतर फार आवळलेला असतो किंवा त्याच्या मध्यावर खाच पडलेली असते.

माझ्या गाडीत ही चारही लक्षणे एकमेकांत मिसळलेली होती. म्हणून ती एकेक करून वेगळी काढावी लागली.

तपासणीसाठी जागा निवडताना एक चूक हमखास होते. रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी कडेकडे उतार दिलेला असतो, म्हणून त्याच रस्त्याने परत येऊन खात्री करावी असे आपल्याला वाटते. पण आपण जाताना आणि येतानाही डाव्या बाजूनेच गाडी चालवतो, त्यामुळे उतार दोन्ही वेळा आपल्या डावीकडेच असतो. परतीच्या फेरीने वाऱ्याचा परिणाम वजा होतो, उताराचा होत नाही. त्यामुळे मोकळे, सपाट, फरसबंद आवार शोधावे. नागपुरातल्या सिमेंटच्या रस्त्यांवर आणखी एक अडचण आहे. दोन पट्ट्यांमधला लांबट सांधा किंवा कडेच्या पेव्हर ब्लॉकची धार दहा इंची चाकाला रुळासारखी धरून ठेवते आणि ती ओढ गाडीच्या नावावर जमा होते. मी एका रविवारी पहाटे, परवानगी घेऊन, आमच्या वसाहतीजवळच्या मंगल कार्यालयाच्या वाहनतळावर चाचणी घेतली. हात हँडलवरून पूर्ण उचलू नयेत, तळवे नुसते टेकवून ठेवले तरी ओढ पुरेशी कळते.

चाचणीच्या आधी हवा तपासावी, आणि तीही सकाळी, टायर थंड असताना. ३.५० गुणिले १० या मापाच्या टायरला पुढे साधारण १८, मागे एकट्या स्वारासाठी २५ आणि दोघांसाठी ३५ च्या आसपास पीएसआय हवा लागते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. पंपावरचा पोरगा मोटारसायकलच्या सवयीने दोन्ही चाकांत तीस-पस्तीस भरून मोकळा होतो. पुढचे टायर इतके फुगले की त्याची जमिनीवरची टेक अरुंद होते आणि आधीच हलके असलेले पुढचे टोक सिमेंटच्या सांध्यांवर टणटण उडू लागते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतील, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

मग डाव्या डिकीत तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवली. ती मध्यरेषेपासून साधारण २५ सेंटीमीटर डावीकडे येते, म्हणजे १२५ ची बाकी फिटते आणि गुरुत्वमध्य सव्वादोन सेंटीमीटरवरून दीडच्या आत येतो. पिशवी ठेवल्यावर ओढ त्या मानाने कमी झाली तर तेवढी ओढ तोलाची आहे, असे समजावे. पिशवीने काहीच फरक पडला नाही, तर दुखणे तोलाचे नसून यंत्राचे आहे. माझ्या गाडीत ओढ कमी झाली, पण थ्रॉटल सोडल्यावर येणारा झटका तसाच राहिला. दोन दुखणी प्रथमच वेगळी दिसली ती तेव्हा.

रबरी बुश आणि ते पुन्हा पुन्हा का जातात

इंजिन चासीला पुढच्या टोकाशी एका लांब बोल्टने आणि मागे शॉकअपने जोडलेले असते. त्या बोल्टच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात, त्यांनाच गॅरेजमध्ये सायलेंट ब्लॉक म्हणतात. इंजिनाचे वजन उजवीकडे आणि चाकाची टेक मध्यावर, अशी ही मांडणी असल्यामुळे गाडी उभी असली तरी त्या दोन रबरांवर सतत एक पीळ असतो. मोटारसायकलमध्ये इंजिनाच्या बुशांवर असा एकांगी भार नसतो. म्हणजे इंजिनाच्या जागेमुळे ओढ तर येतेच, शिवाय तीच जागा ते रबरही असमान खाते, आणि रबर दबले की मागचे चाक किंचित कलून पुढच्या चाकाच्या रेषेतून बाहेर जाते. त्यात आपला उन्हाळा आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेल्या दुपारी तापलेल्या सिमेंटवर उभ्या केलेल्या आणि नुकत्याच बंद केलेल्या गाडीच्या बुशांची काय गत होत असेल, याची कल्पना करता येते. माझ्या गाडीचे काढलेले जुने रबर नखाने खरवडले तर भुगा पडत होता.

तपासणी सोपी आहे. गाडी स्टँडवर घ्यावी, मागचे चाक वर आणि खाली धरून आडवे हलवावे. चाक हलत असेल तर दुसऱ्या माणसाला इंजिनाकडे पाहायला सांगावे. इंजिन स्थिर राहून नुसते चाक हलले, तर बेरिंग सैल आहे किंवा चाकाचा मुख्य नट ढिला आहे, आणि ते आधी पाहणे तातडीचे आहे. चाकासकट इंजिन हलले, तर बुश गेले. रस्त्यावर याचेच लक्षण असे, की वळणावर मागचे चाक पंक्चर झाल्यासारखे वाटते आणि उतरून पाहावे तर हवा ठीक असते.

चाके एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहायला उजवीकडून दोरी लावता येत नाही, इंजिन आणि सायलेन्सर आडवे येतात. डावीकडूनच पाहावे लागते. एकाने गाडी स्टँडवरून काढून सरळ धरावी, दुसऱ्याने अॅल्युमिनियमची सरळ पट्टी जमिनीलगत मागच्या टायरच्या डाव्या अंगाला दोन ठिकाणी टेकवून पुढच्या टायरपर्यंत न्यावी. दोन्ही टायर एकाच मापाचे असल्याने पुढेही पट्टी टेकायला हवी. नंतर गवंड्याकडचा ओळंबा घ्यावा, पुढचे चाक ओळंब्यात आणावे आणि गाडी तशीच धरून ओळंबा मागच्या रिमला लावावा. दोन-तीन मिलीमीटरचा फरक मी सोडून देतो. माझ्या गाडीत तो बोटाच्या जाडीएवढा होता. आमच्या शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याने ओळंबा दिला खरा, पण स्कूटरला ओळंबा लावताना पाहून तो तिथून हललाच नाही.

बुश तर मी आठच महिन्यांपूर्वी बदलले होते, मग ते इतक्यात कसे गेले? रबर हलक्या प्रतीचे होते हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वेळी गाडी लाकडी ठोकळ्यावर उचलून, मागचे चाक हवेत लोंबकळत असताना लांब बोल्ट पूर्ण आवळला गेला होता. अशा रीतीने आवळले की बुशाची आतली नळी त्या स्थितीत पकडली जाते, आणि गाडी जमिनीवर येऊन इंजिन वर सरकले की रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. ते बसल्या जागी फाटायला लागते. म्हणून बोल्ट आधी हाताने बसेल इतकाच लावावा, गाडी जमिनीवर घ्यावी, तिच्यावर एक माणूस बसवावा, दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि मगच पूर्ण आवळावा. यंदा मी समोर उभा राहून हे असेच करून घेतले. दोन्ही बुश एकदमच बदलावेत आणि शॉकअपच्या वरच्या टोकाचे रबरही त्याच वेळी बदलावे, कारण एक रबर नवे आणि दुसरे दबलेले असेल तर इंजिन पुन्हा तिरपेच बसणार.

कोनसेट आवळल्याने काय होते

पंधरा दिवसांचा गुण यायचा तो इथून. मेकॅनिक कोनसेट नेहमीपेक्षा थोडा जास्त आवळतो. हँडल जड होते, आणि जड हँडल सैल सोडले तरी जागचे हलत नाही, त्यामुळे चाचणीच्या फेरीत ओढ जाणवतच नाही. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. ओढ गेलेली नसते, ती दाखवणारा काटाच अडकवून ठेवलेला असतो. पुढच्या काही दिवसांत नट थोडा सैल होतो, नव्या गोळ्या बसतात, हँडल मोकळे होते आणि ओढ पुन्हा दिसू लागते. त्यातच, आवळलेल्या गोळ्या खड्ड्यांतले हादरे एकाच जागी खात राहिल्याने वाटीत बारीक खाचा पाडतात. मग हँडल मध्यावर अडकते, गाडी नागमोडी चालते आणि निदान पुन्हा तेच होते, की कोनसेट गेला. माझे दोन कोनसेट असेच गेले.

योग्य आवळ ओळखायची खूण अशी. पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सरळ ठेवून एका बाजूला अगदी हलका धक्का द्यावा. ते स्वतःच्या वजनाने, कुठेही न अडखळता, टोकापर्यंत गेले पाहिजे. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवावा, तेव्हा खडखड जाणवता कामा नये. या दोन कसोट्यांच्या मधली जागा फार अरुंद असते आणि ती सापडायला दोन-तीन प्रयत्न लागतात. घाईच्या वेळी, गॅरेजपुढे चार गाड्या उभ्या असताना हे काम सांगू नये, असे मी अनुभवाने शिकलो.

पुढचे टोक हलके असण्याबद्दल

इंजिन बाजूला असण्याइतकेच ते मागे असणेही या गाडीला महाग पडते. दोघे बसलेले, मागे स्टेपनी, तिच्यावर बांधलेली पिशवी आणि वाट सेमिनरी हिल्सच्या चढाची, अशा वेळी पुढच्या चाकावर इतके कमी वजन उरते की हँडल पाण्यात फिरवल्यासारखे वाटते. बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाईलमध्येही हेच घडले आहे. १९५० च्या दशकातल्या पोलारिस कंपनीच्या सुरुवातीच्या गाड्यांचे इंजिन मागे होते, त्यामुळे पुढच्या स्की बर्फावर पुरेशा दाबल्या जात नसत आणि हँडल वळवले तरी गाडी सरळच घसरू पाही. १९५९ साली आलेल्या बोम्बार्दिए कंपनीच्या स्की-डू या गाडीचे इंजिन पुढे होते. तिच्या स्कींना वजन मिळाले, पण पुढे वजन ठेवले की भुसभुशीत बर्फात नाक रुतण्याची भीती येते. नंतरच्या रचनाकारांनी इंजिन आणि स्वार दोघांनाही मध्याकडे सरकवण्याचा मार्ग धरला. त्यांना ते जमले, कारण तिथे पायदान मोकळे ठेवण्याची अट नव्हती. आपल्या स्कूटरमध्ये नेमकी ती मधली जागाच रिकामी ठेवायची आहे.

मात्र ती जागा आपल्याला सामानाने भरता येते. मागे बांधायची जड पिशवी पायदानावर, थोडी डावीकडे ठेवली, तर वजन पुढेही येते आणि इंजिनाची बाकीही काही अंशी फिटते. पुढच्या हुकाला लटकवलेली भाजीची पिशवी मात्र हँडलच्या हालचालीबरोबर झोके घेते, म्हणून तिथे दोन-तीन किलोंच्या वर काही अडकवू नये. बर्डीहून संत्र्यांची अख्खी पेटी मागच्या सीटवर बांधून आणण्याचा उद्योग मी एकदाच केला. अजनीच्या पुलावर हँडल जे थरथरू लागले, ते पाहून उरलेली वाट पंचवीसच्या वेगाने काटली.

आता काय स्थिती आहे

बुश आणि शॉकअपचे रबर बदलून, कोनसेट मोकळा लावून आणि हवा नेमकी भरून चार महिने झाले. थ्रॉटलबरोबरचा झटका आणि नागमोडी चाल पूर्ण थांबली. ओळंब्यातला फरक दोन मिलीमीटरवर आला. हाताची पकड सैल केली की उजवीकडची थोडी ओढ आजही आहे. हत्यारांची पिशवी, स्पार्क प्लग, पाना आणि एक जुनी लोखंडी पट्टी असे मिळून साडेचार किलो वजन मी डाव्या डिकीत कायम ठेवतो. दर दोन महिन्यांनी बुशांची हलवून तपासणी करतो आणि उन्हाळ्यात गाडी बंद केल्यावर सावलीत लावतो.

पुढचा ब्रेक जोरात दाबल्यावर हँडल एका अंगाला खेचले जाते, ते दुखणे मात्र अजून शिल्लक आहे. लायनर नवे टाकून फरक पडला नाही, त्यामुळे लिंकचे बुश काढून पाहावे लागतील. त्यासाठी पुढचा शॉकअप उतरवावा लागतो आणि मिस्त्रींना पोळ्यापर्यंत सवड नाही. तोवर मी मागच्या ब्रेकवर अधिक भर देऊन, अंतर राखून गाडी चालवतो आहे.